कॉर्टिसॉलची बदनामी: आरोग्य पुरवण्यांच्या संपादकांना खुले पत्र

मराठी दैनिके व साप्ताहिके यांच्या आरोग्य पुरवण्यांचे संपादक यांस,



कॉर्टिसॉल हे संप्रेरक दोन्ही मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या बाहेरच्या थरात कोलेस्टेरॉलपासून तयार होते. ताण असो वा नसो, ते रोज तयार होते. पहाटे त्याचे रक्तातले प्रमाण चढू लागते, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते सर्वाधिक असते, मग दिवसभर उतरत उतरत मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जाते. यकृताकडून साखर करवून घेणे, रक्तदाब टिकवणे, दाह आवाक्यात ठेवणे ही त्याची नित्याची कामे. ज्यांच्या अधिवृक्क ग्रंथी निकामी होतात अशा ॲडिसन रोगाच्या रुग्णांना कमालीचा थकवा येतो, वजन उतरते, रक्तदाब घसरतो. साधा तापही जिवावर बेतू शकतो. हेच संप्रेरक त्यांना आयुष्यभर गोळीतून घ्यावे लागते. पुरवण्यांत मात्र कॉर्टिसॉलची ओळख होते ती ‘तणावाचे हार्मोन’ म्हणून, आणि शीर्षकातच ते ‘कमी करण्याचे’ उपाय असतात. शरीरातल्या एखाद्या पदार्थाचे नाव घेतले की लगेच तो कमी कसा करायचा हे सांगून मोकळे व्हायचे, या सवयीचा फटका पूर्वी कोलेस्टेरॉलला बसला. आता कॉर्टिसॉलची पाळी आली आहे.

या संप्रेरकाचा आणि मेंदूचा संबंध ज्यांच्या प्रयोगशाळेत सर्वांत तपशिलाने उलगडला, ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील ब्रूस मॅक्यूएन (१९३८–२०२०). त्यांच्या अर्धशतकाच्या कामाचा हा क्रमवार आढावा आहे. तो आपल्यापुढे ठेवण्याचे कारण एवढेच, की पुरवण्यांतले बरेचसे लेख नकळत याच कामावर उभे असतात आणि त्यातला अर्धाच भाग सांगून थांबतात.

ताणाचा शास्त्रीय अभ्यास मॅक्यूएन यांच्या आधी दोन टप्प्यांत झाला होता. हार्वर्डचे वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ॲड्रिनॅलिनचा अभ्यास केला. संकट दिसताच हृदयाचे ठोके वाढतात, स्नायूंकडे रक्त धावते, पचन थांबते. प्राणी एकतर लढतो नाहीतर पळतो. हा सगळा काही सेकंदांचा मामला. दुसरा टप्पा माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठातला. हान्स सेल्ये उंदरांना अंडाशयाचा अर्क टोचत होते. नवे संप्रेरक सापडेल अशी त्यांची अपेक्षा होती. अर्क टोचलेल्या उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी फुगलेल्या, थायमस ग्रंथी आक्रसलेली आणि जठरात व्रण पडलेले आढळले. मग फॉर्मॅलिन टोचले, थंडीत ठेवले, जखम केली, तरी हेच तीन बदल. म्हणजे हे बदल अर्काचे नव्हतेच; कोणत्याही आघाताला शरीर देत असलेले ते ठरावीक उत्तर होते. १९३६ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या त्यांच्या छोट्याशा टिपणापासून ताण हा जीवशास्त्राचा विषय झाला. सेल्ये यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. तंबाखू कंपन्यांच्या अंतर्गत कागदपत्रांतून पुढे उघड झाले, की या उद्योगाने त्यांना पैसा पुरवला होता. हृदयविकाराचे खापर सिगारेटऐवजी ताणावर फोडणे उद्योगाच्या सोयीचे होते. ‘कॉर्टिसॉल उतरवणाऱ्या’ गोळ्या-पावडरींची जाहिरात आणि त्याच विषयावरचा लेख एकाच पानावर घेताना हा दाखला डोळ्यांसमोर असावा.

कॉर्टिसॉल स्रवण्याचा हुकूम मेंदूतून सुटतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून सीआरएच नावाचे संप्रेरक निघते. ते पीयूषिका ग्रंथीला जागे करते. तिथून एसीटीएच रक्तात उतरते आणि अधिवृक्क ग्रंथीपर्यंत पोचून कॉर्टिसॉल सोडायला लावते. साखळीतली पहिली कडी सर्वांत शेवटी हाती लागली. हायपोथॅलॅमसमध्ये असे काहीतरी असले पाहिजे हे १९५५ पासून दिसत होते, पण त्याची रचना कॅलिफोर्नियातील सॉल्क इन्स्टिट्यूटच्या वायली व्हेल यांनी १९८१ मध्ये, मेंढ्यांच्या हायपोथॅलॅमसवर काम करून मांडली. कॉर्टिसॉल पुरेसे झाले की ते उलट मेंदूला आणि पीयूषिकेला जाऊन ‘आता पुरे’ असा निरोप देते आणि साखळी शांत होते. हा परतीचा निरोप नीट पोचणे हाच पुढच्या साऱ्या कथेचा कणा आहे.

साठच्या दशकात समजूत अशी होती, की मेंदू हुकूम देतो आणि संप्रेरके शरीरात कामे करतात. परतीच्या निरोपासाठी लागणारी जागा हायपोथॅलॅमस व पीयूषिका एवढीच. मॅक्यूएन मुळात रसायनशास्त्राचे विद्यार्थी. ओहायोतील ओबर्लिन कॉलेजातून पदवी घेऊन ते रॉकफेलरमध्ये आले, आल्फ्रेड मर्स्की व व्हिन्सेंट ऑलफ्री यांच्या प्रयोगशाळेत पेशीकेंद्रकावर काम करून १९६४ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. जनुके कधी चालू होतात आणि कधी बंद, हा त्या प्रयोगशाळेचा विषय. पुढे १९६६ मध्ये मानसशास्त्रज्ञ नील मिलर यांच्या गटात ते रॉकफेलरला परतले. जनुकांची भाषा येणारा माणूस वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसला, यातूनच पुढचा प्रयोग निघाला असे म्हणायला हरकत नाही.

तो प्रयोग असा. उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी आधी काढून टाकल्या, म्हणजे त्यांचे स्वतःचे संप्रेरक पेशींमधल्या जागा अडवून बसणार नाही. मग किरणोत्सारी हायड्रोजनने खूण केलेले कॉर्टिकोस्टेरॉन त्यांना टोचले. (माणसात जे काम कॉर्टिसॉल करते ते उंदरात कॉर्टिकोस्टेरॉन करते.) काही वेळाने मेंदूचे वेगवेगळे भाग सुटे करून कुठे किती किरणोत्सार उरला आहे ते मोजले. अपेक्षा हायपोथॅलॅमसची होती. सर्वाधिक साठा सापडला तो मात्र हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मृती घडवणाऱ्या भागात. मॅक्यूएन, जे वाइस आणि लेस्ली श्वार्ट्झ यांनी १९६८ मध्ये ‘नेचर’मध्ये हे प्रसिद्ध केले. पुढच्या काही वर्षांत हिप्पोकॅम्पसच्या पातळ चकत्या छायाचित्रणाच्या फिल्मवर ठेवून हे संप्रेरक नेमके चेतापेशींच्या केंद्रकात जाऊन बसते हेही दिसले. केंद्रक म्हणजे जनुकांचे घर. ताणाच्या प्रसंगी मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून निघालेला रेणू स्मृतीच्या पेशीत शिरतो आणि तिथली जनुके हलवतो, हे त्या काळी अनेकांना पचायला जड गेले.

या शोधाने दोन गोष्टी एकदम बदलल्या. पहिली, मेंदू हा संप्रेरकांचा केवळ मालक राहिला नाही, त्यांच्या कामाचे ठिकाणही ठरला. दुसरी, ताण आणि स्मृती यांच्यात रासायनिक दुवा मिळाला. नेदरलँड्समधील योहानेस रॉइल आणि रॉन द क्लूट यांनी १९८५ मध्ये दाखवले, की हिप्पोकॅम्पसमध्ये कॉर्टिकोस्टेरॉन पकडणारे ग्राही दोन प्रकारचे आहेत. एक प्रकार इतका चिकट, की शांत अवस्थेतल्या थोड्याशा संप्रेरकानेही तो बहुतांश भरलेला असतो. दुसऱ्याची पकड सुमारे दहापट सैल, म्हणून तो रोजच्या शिखराच्या वेळी किंवा ताणाच्या वेळीच भरतो. मात्रा अगदी कमी असेल तर पेशी आळसावतात, मध्यम असेल तर शिकणे आणि लक्षात ठेवणे सुधारते, फार वाढून टिकून राहिली तर पुन्हा घसरते. परीक्षेच्या सकाळी पोटात येणारा गोळा आणि वर्षभर न उतरणारी धास्ती या दोन्हींना ‘स्ट्रेस’ म्हणून एकाच ओळीत बसवणारा लेख म्हणूनच वाचकाची दिशाभूल करतो.

संप्रेरकाने पेशींचा आकार बदलतो का, हा पुढचा प्रश्न. नव्वदच्या दशकाच्या तोंडावर एलिझाबेथ गूल्ड आणि कॅथरिन वूली या तरुण संशोधक मॅक्यूएन यांच्याकडे आल्या आणि त्यांनी शंभराहून अधिक वर्षे जुनी पद्धत हाताशी घेतली. इटलीच्या कामिल्लो गॉल्जी यांनी १८७३ मध्ये शोधलेल्या या रंगक्रियेत मेंदूच्या ऊतीवर आधी क्रोमियमच्या व मग चांदीच्या क्षाराची प्रक्रिया करतात. त्यात हजारो पेशींपैकी मोजक्याच रंगतात, का ते गॉल्जींनाही ठाऊक नव्हते. पण ज्या रंगतात त्या मुळापासून शेंड्यापर्यंत काळ्याभोर उमटतात. पिवळसर पार्श्वभूमीवर एक सबंध चेतापेशी, तिच्या वृक्षिकांसह, म्हणजे फांद्यांसह, आणि वृक्षिकांवरचे बारीक काटे. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या उपकरणातून तिचे चित्र कागदावर हाताने गिरवायचे, फांद्यांची लांबी मोजायची, काटे मोजायचे. हे काम कंटाळवाणे, पण त्यातूनच गोष्ट बाहेर आली. एकवीस दिवस कॉर्टिकोस्टेरॉन दिलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील सीए३ नावाच्या भागातल्या पेशींच्या वृक्षिका आखूड झाल्या होत्या आणि त्यांचे फाटे कमी झाले होते. १९९२ मध्ये योशिफुमी वातानाबे, गूल्ड आणि मॅक्यूएन यांनी संप्रेरक न टोचता, उंदरांना रोज सहा तास जाळीच्या अरुंद पिंजरीत, एकवीस दिवस, नुसते अडकवून ठेवले. न मारता, न उपाशी ठेवता. वृक्षिका तशाच आखडल्या.

इथे कथेला एक महत्त्वाचे वळण आहे आणि ते बहुधा कुठल्याच पुरवणीत येत नाही. याच गटाने अडकवलेल्या उंदरांना फेनिटॉइन दिले. हे फेफऱ्यावरचे जुने, स्वस्त औषध. ते चेतापेशींची अतिउत्तेजना आवरते. कॉर्टिकोस्टेरॉन वाढलेले असूनही वृक्षिका आखडल्या नाहीत. म्हणजे हे काम कॉर्टिसॉल एकटे करत नाही. ग्लुटामेट या मेंदूतल्या उत्तेजक रसायनाचा त्यात मोठा हात असतो. संप्रेरकाला एकट्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची सोय या निष्कर्षाने संपते.

आणखी एक दुरुस्ती. मॅक्यूएन यांचे पीएच.डी.चे विद्यार्थी रॉबर्ट सॅपोल्स्की, जे पुढे केनियातील बबून माकडांच्या कळपांवरील अभ्यासामुळे प्रसिद्ध झाले, त्यांनी लुईस क्रे आणि मॅक्यूएन यांच्यासह १९८६ मध्ये एक गृहीतक मांडले. वयाबरोबर वाढलेले संप्रेरक हिप्पोकॅम्पसच्या पेशी मारते, हिप्पोकॅम्पस कमजोर झाला की ‘आता पुरे’चा निरोप नीट पोचत नाही, त्यामुळे संप्रेरक आणखी वाढते. दुष्टचक्र पुरे. ‘ताणाने मेंदूच्या पेशी मरतात’ हे वाक्य लोकप्रिय लिखाणात तिथूनच आले. नंतरच्या कामात मात्र मॅक्यूएन यांच्याच प्रयोगशाळेने हे चित्र सौम्य केले. नेहमीच्या तीव्रतेच्या ताणात पेशी मोठ्या संख्येने मरत नाहीत. त्या आक्रसतात, आणि ताण हटवला की वृक्षिका परत वाढतात. माणसातला याचा जवळचा पुरावा कुशिंग रोगाचा. या रोगात शरीर कॉर्टिसॉलचे अतिउत्पादन करते. मिशिगन विद्यापीठाच्या मोनिका स्टार्कमन यांनी १९९२ मध्ये दाखवले, की ज्या रुग्णांत कॉर्टिसॉल जास्त, त्यांच्यात हिप्पोकॅम्पसचे आकारमान कमी; १९९९ मध्ये त्यांनीच दाखवले, की उपचाराने कॉर्टिसॉल खाली आल्यावर हिप्पोकॅम्पस काही प्रमाणात पुन्हा भरतो. मॅक्यूएन स्वतः आक्रसण्याकडे बिघाड म्हणून कमी आणि मेंदूने उत्तेजनेपासून स्वतःला वाचवण्यासाठी घेतलेली तात्पुरती माघार म्हणून अधिक पाहत. हा अर्थ सर्वांनाच मान्य आहे असे नाही, पण त्याला आधार आहे.

लैंगिक संप्रेरकांचे कामही मॅक्यूएन यांच्याच प्रयोगशाळेत चालले होते. वूली आणि गूल्ड यांनी १९९० मध्ये दाखवले, की मादी उंदराच्या चार-पाच दिवसांच्या ऋतुचक्रात हिप्पोकॅम्पसच्या सीए१ भागातील काट्यांची संख्या वरखाली होते. एका दिवसात जवळपास एक तृतीयांश फरक पडतो. काटा म्हणजे दोन पेशींची जोडणी. प्रौढ मेंदूची जडणघडण पक्की झालेली असते, ही समजूत तेव्हा बरीच रूढ होती. उंदराचे निष्कर्ष बायकांच्या स्मरणशक्तीला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे सांगायला नको. तरी मेंदूच्या प्रयोगांत नर उंदीरच वापरण्याची पद्धत किती उथळ होती हे त्यातून दिसले.

कथेचा यापुढचा भाग भारतात घडला. बंगळुरूचे नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचेच केंद्र. तिथे सुमंत्र चटर्जी यांच्या प्रयोगशाळेने हिप्पोकॅम्पसच्या शेजारच्या अमिग्डालाकडे पाहिले. भीती आणि धोका यांची नोंद ठेवणारा हा बदामाएवढा भाग. अजय व्यास, रूपशी मित्रा, शंकरनारायण राव आणि चटर्जी यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केले, की ज्या ताणाने हिप्पोकॅम्पसच्या वृक्षिका आखडतात, त्याच ताणाने अमिग्डालाच्या वृक्षिका वाढतात. दोन वर्षांनी आलेला निष्कर्ष अधिक अस्वस्थ करणारा होता. उंदरांना एकवीस दिवस निवांत ठेवल्यावर हिप्पोकॅम्पस पूर्ववत होत होता. अमिग्डालाची वाढ मात्र तशीच राहिली आणि उंदीर भेदरलेलेच राहिले. त्यापुढचा निष्कर्ष एकाच प्रसंगाचा. उंदराला एकदाच, दोन तास जखडले, तर दुसऱ्या दिवशी अमिग्डालात काहीच दिसत नाही. दहा दिवसांनी मात्र तिथे नवे काटे उगवलेले असतात. भूकंप, अपघात, दंगल यांतून वाचलेल्या माणसाला प्रसंगी काहीच वाटत नाही आणि काही आठवड्यांनी घाम फुटू लागतो, या अनुभवाला पेशीच्या पातळीवरचा एक समांतर पुरावा इथे मिळाला.

आता मुद्द्याची गोष्ट. २०१२ मध्ये चटर्जी यांची प्रयोगशाळा आणि मॅक्यूएन यांनी मिळून केलेल्या कामात त्या एका प्रसंगाच्या आदल्या रात्री उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात कॉर्टिकोस्टेरॉन मिसळले. दहा दिवसांनी पाहिले तर अमिग्डालात नवे काटे नाहीत, भेदरलेपणही नाही. संप्रेरकाने संरक्षण केले होते. म्युनिकमधील अतिदक्षता विभागांतल्या डॉक्टरांना याच्याशी जुळणारे काही आधीच दिसले होते. रक्तात जंतुसंसर्ग पसरून मरणाच्या दारातून परतलेल्या रुग्णांपैकी ज्यांना उपचारात हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधरूपी कॉर्टिसॉल, दिले गेले होते, त्यांच्यात आघातोत्तर मनोविकाराची लक्षणे कमी आढळली. पुरवण्यांनी खलनायक ठरवलेल्या रेणूची ही बाजू वाचकांपर्यंत कधीच जात नाही, हे या पत्राचे मुख्य गाऱ्हाणे.

कपाळामागच्या प्रीफ्रंटल भागावरही हीच पद्धत वापरली गेली. लक्ष एका गोष्टीवरून दुसरीकडे वळवणे, आवरणे, ठरवणे ही त्या भागाची कामे. कॉनर लिस्टन, मॅक्यूएन आणि बी. जे. केसी यांनी २००९ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना परीक्षेच्या तयारीचा जीवघेणा महिना संपत आल्यावर एमआरआय यंत्रात घालून एक साधे काम दिले. कधी रंग पाहून, कधी हालचालीची दिशा पाहून उत्तर द्यायचे. ताणाखालचे विद्यार्थी एकावरून दुसऱ्यावर वळताना अडखळत होते आणि प्रीफ्रंटल भागाचे इतर भागांशी असलेले संधान विस्कटलेले होते. परीक्षा आटोपून महिनाभर विश्रांती मिळाल्यावर फरक नाहीसा झाला. दहावी-बारावीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या काळात दरवर्षी निघणाऱ्या ‘ताण कसा घालवाल’ विशेषांकांत हा प्रयोग छापण्यासारखा आहे. त्यातली चांगली बातमी म्हणजे विश्रांतीनंतरचे हे सावरणे. पण तीही वयाला बांधलेली. जॉन मॉरिसन यांच्या गटासोबतच्या २०१० मधील कामात तरुण उंदरांच्या प्रीफ्रंटल पेशी ताणानंतर सावरल्या. मध्यमवयीन आणि म्हाताऱ्या उंदरांच्या सावरल्या नाहीत.

पेशींचे हे काम चालू असतानाच मॅक्यूएन माणसांच्या समाजाकडेही वळले, आणि त्यांचे नाव सर्वाधिक घेतले जाते ते या भागासाठी. पीटर स्टर्लिंग आणि जोसेफ आयर यांनी १९८८ मध्ये ‘ॲलोस्टॅसिस’ ही कल्पना मांडली होती: शरीर एकच आकडा धरून बसत नाही, प्रसंग पाहून रक्तदाब, साखर, संप्रेरके हलवून तग धरते. मॅक्यूएन आणि एलियट स्टेलर यांनी १९९३ मध्ये तिची दुसरी बाजू दाखवली. तग धरण्याची किंमत साचत जाते. घाटात पहिल्या गियरमध्ये घातलेली गाडी घाट चढते, पण सपाटीवरही तोच गियर ठेवला तर इंजिन झिजते. या साचलेल्या झिजेला त्यांनी ‘ॲलोस्टॅटिक लोड’ म्हटले. १९९८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधील लेखात त्यांनी ती साचण्याचे चार मार्ग सांगितले. ताणाचे प्रसंगच वारंवार येणे हा पहिला. दुसऱ्यात प्रसंग तोच असतो, पण शरीर त्याला सरावत नाही. बहुतेक माणसे दुसऱ्या-तिसऱ्या भाषणाला निर्ढावतात, काहींचे कॉर्टिसॉल प्रत्येक वेळी तितकेच उसळते. तिसऱ्यात प्रसंग संपतो, प्रतिक्रिया संपत नाही. रात्री रक्तदाब उतरत नाही, संध्याकाळी कॉर्टिसॉल खाली येत नाही. अपुऱ्या झोपेने हेच होते. चौथा मार्ग पुरवण्यांच्या समजुतीच्या अगदी उलटा आहे: कॉर्टिसॉल पुरेसे स्रवतच नाही, त्यामुळे दाहावर लगाम राहत नाही आणि प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते.

हा भार मोजायला टेरेसा सीमन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये सत्तरीतल्या अमेरिकन स्त्री-पुरुषांच्या अभ्यासात दहा मोजमापे घेतली. वरचा व खालचा रक्तदाब, कंबर-नितंबांचे गुणोत्तर, चांगले कोलेस्टेरॉल, एकूण कोलेस्टेरॉलशी त्याचे प्रमाण, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, डीएचईए-एस हे अधिवृक्क ग्रंथीचे आणखी एक संप्रेरक, आणि रात्रभराच्या लघवीतील कॉर्टिसॉल, ॲड्रिनॅलिन व नॉरॲड्रिनॅलिन. कोणतेही एक मोजमाप फार काही सांगत नव्हते. बेरीज सांगत होती. बेरीज जास्त असलेल्यांत हृदयविकार आणि शरीर-बुद्धीची घसरण पुढे अधिक आढळली. दहांत कॉर्टिसॉल फक्त एक आहे, इकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे.

बेरीज कोणाची जास्त असते, हा प्रश्न वैद्यकातून अर्थकारणात नेतो. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवरील मायकेल मार्मट यांच्या व्हाइटहॉल अभ्यासात सर्वांना नोकरीची शाश्वती आणि मोफत उपचार असूनही पदाची पायरी जितकी खाली, तितका हृदयविकार जास्त होता. उत्पन्न, शिक्षण आणि आरोग्य यांच्या नात्याचा शोध घेणाऱ्या मॅकआर्थर फाउंडेशनच्या गटात मॅक्यूएन वर्षानुवर्षे होते. २०१७ मध्ये समाजशास्त्रज्ञ असलेले भाऊ क्रेग मॅक्यूएन यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या लेखाचा विषय होता लहानपणातला विषारी ताण आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणारी गरिबी. मुलांच्या ताणाचे त्यात मानलेले तीन प्रकार उपयोगी आहेत. शाळेचा पहिला दिवस हा हितकर ताण. घरातला मृत्यू हा आधाराची माणसे असतील तर सोसवणारा ताण. मारहाण, उपासमार, दुर्लक्ष, आणि जवळ घेणारे कोणीच नाही, हा विषारी. फरक प्रसंगापेक्षा शेजारी कोण आहे यावर अधिक ठरतो. कोवळ्या वयातल्या ताणाची पेशींच्या पातळीवरील तपासणी मुंबईत कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे चालली आहे. २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना जीवशास्त्रासाठी मिळाला. परदेशी वृत्तसंस्थेचे त्रोटक टिपण उचलण्याआधी लोकल पकडून जाण्यासारखे हे ठिकाण आहे.

ताणावर मॅक्यूएन यांनी सुचवलेले उपाय नवलाचे नाहीत: पुरेशी झोप, नियमित चालणे, माणसांची सोबत. मात्र ते इथेच थांबत नसत. पाळीचे काम, लांबचा प्रवास, गोंगाट, असुरक्षित वस्ती यांचा भार व्यक्तीच्या मनोनिग्रहाने उतरत नाही, त्याला धोरण लागते, हे ते वैद्यकाच्या परिषदांतही मांडत. ताणाच्या लेखात दीर्घ श्वसनाला जितकी जागा मिळते, तिच्या निम्मी तरी रात्रपाळीच्या वेळापत्रकाला मिळावी.

उरला चाचण्यांचा आणि गोळ्यांचा प्रश्न, आणि तो तातडीचा आहे. रक्तातील कॉर्टिसॉलची एक तपासणी ‘तुम्हाला किती ताण आहे’ हे सांगू शकत नाही. सकाळी आठचा आणि रात्री अकराचा आकडा निरोगी माणसातही कित्येक पटींनी वेगळा असतो. सुई टोचण्याच्या भीतीनेही तो चढतो. डॉक्टर ही तपासणी कुशिंग किंवा ॲडिसनसारख्या रोगांच्या संशयाने, ठरलेल्या वेळी, अनेकदा औषध देऊन त्याच्या परिणामासह करतात. ‘ॲड्रिनल फटीग’ नावाचे जे निदान जाहिरातींत फिरते, ते अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांच्या संघटनांना मान्य नाही. याहून गंभीर बाब स्टिरॉइडची. दमा, संधिवात, ल्युपस, अवयवरोपण अशा कारणांनी प्रेडनिसोलोन महिनोन्‌महिने घेणाऱ्यांची संख्या मोठी आहे. हे औषध कॉर्टिसॉलचेच भावंड. ते बाहेरून मिळत राहिले की मेंदूला ‘आता पुरे’चा निरोप सतत जातो, साखळी झोपी जाते आणि अधिवृक्क ग्रंथी आक्रसतात. ‘कॉर्टिसॉल घातक’ असा मथळा वाचून कोणी गोळी एका दिवसात सोडली, तर शरीराकडे स्वतःचे कॉर्टिसॉल नसते. उलट्या, रक्तदाब कोसळणे, बेशुद्धी आणि मृत्यूही ओढवू शकतो. मात्रा आठवड्या-आठवड्याने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवावी लागते. तेव्हा कॉर्टिसॉलवरच्या प्रत्येक लेखात ही सूचना छापली जावी, आणि ती शेवटच्या चौकटीत न टाकता मजकुरातच, पहिल्या दोन परिच्छेदांत यावी, एवढी विनंती.